रिसेल फ्लॅट घेताय? आधी बाथरूममध्ये पाणी कोंडून बघा

आम्ही घर घेतलं तेव्हा सगळं चकाचक रंगवलेलं होतं आणि महिन्याभरात खालच्या काकू वर आल्या, त्यांच्या छतातून पाणी टपकतंय म्हणून. टाइल्स फोडण्यात जो खर्च झाला तो विचारूच नका. तेव्हा शिकलो ते असं, व्यवहार पक्का करायच्या आधी मालकाला एक दिवस मागून घ्या आणि

१. नहाणीची जाळी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून भोक गच्च बंद करा. फडक्याला सुतळी बांधून टोक बाहेर ठेवा हं, नाहीतर ते पाइपात गेलं की नवीनच उद्योग.

२. दीडेक इंच पाणी भरा, उंबऱ्याच्या खालीच राहू दे, भिंतीवर पेन्सिलने खूण करा.

३. 24 तासांनी खूण बघा, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघा, ते लोक खरं काय ते लगेच सांगतात.

तोवर फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकून ठेवा, अर्ध्या तासात फ्लश न करताच कमोडमध्ये निळं दिसलं तर आतला वॉशर गेलाय, पण ते किरकोळ काम आहे.