अ‍ॅक्वाव्हिट: कोणते घ्यावे, कसे प्यावे, घरी कसे मुरवावे

बटाट्यापासून किंवा धान्यापासून काढलेल्या मद्यार्काला कॅरावेच्या (जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका मसाल्याच्या) किंवा शेपूच्या बियांचा स्वाद दिला, की स्कँडिनेव्हियातील अ‍ॅक्वाव्हिट तयार होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार स्वादाचा मुख्य भाग या बियांच्या ऊर्ध्वपातनातूनच यावा लागतो आणि मद्यार्काचे प्रमाण किमान ३७.५ टक्के असावे लागते.

बाटली निवडताना देश पाहावा. डॅनिश अ‍ॅक्वाव्हिट सहसा पारदर्शक आणि कॅरावेप्रधान असते, स्वीडिश प्रकारात बडीशेपेचा गोडवा जाणवतो, तर नॉर्वेजियन अ‍ॅक्वाव्हिट बटाट्याचे आणि ओकच्या पिंपात मुरलेले असते. १८०५ मध्ये त्रोन्हाइमहून बटाव्हियाकडे (आजच्या जकार्ताकडे) गेलेल्या जहाजावरची या मद्याची पिंपे न विकली गेल्याने परत आली आणि आतले मद्य अधिक चवदार झालेले आढळले. ‘लिनिए’ या नॉर्वेजियन ब्रँडची पिंपे आजही विषुववृत्त ओलांडून परत आणतात.

किती थंड करावे, हे पिंपावरून ठरते. पारदर्शक मद्य फ्रीझरमध्ये ठेवून लहान पेल्यात द्यावे. मुरलेले मद्य मात्र खोलीच्या तापमानालाच घ्यावे, कारण गारठ्यात ओकचा आणि पिंपात पूर्वी भरलेल्या शेरी या स्पॅनिश वाइनचा गंध दबतो आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच हाती लागत नाही.

घरी ऊर्ध्वपातन करणे नॉर्वे आणि स्वीडनमध्ये बेकायदा आहे, शिवाय धोक्याचेही. मुरवणे मात्र सोपे आहे. ७०० मिलिलिटर साध्या व्होडकात कोरडे, हलके भाजलेले एक मोठा चमचा कॅरावे, एक लहान चमचा शेपूचे बी, अर्धा लहान चमचा बडीशेप आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी घालावी. सालीखालचा पांढरा थर खरवडून टाकावा, नाहीतर कडवटपणा उतरतो. पट्टीही दुसऱ्या दिवशी काढून घ्यावी. बरणी अंधारात ठेवून रोज चव घ्यावी. तीन ते पाच दिवसांत द्रव फिकट सोनेरी होतो आणि कॅरावेचा उबदार, किंचित तिखट वास झाकण उघडताच येतो. तेव्हा कॉफीच्या फिल्टरमधून गाळावे. नियमाच्या काटेकोर भाषेत हे अ‍ॅक्वाव्हिट नव्हे, मसाल्याचे स्नॅप्स, म्हणजे लहान पेल्यातून प्यायचे कडक मद्य, आहे. डेन्मार्कमध्ये ही घरगुती परंपरा आवडीने जपली जाते. फ्रीझरमध्ये ते गढूळ झाले, तरी ते बिघडलेले नसते: बियांतील तेल थंडीत वेगळे होते, एवढेच.

सोबत खारवलेला हेरिंग मासा किंवा राय पावावरचे स्मोरब्रो, म्हणजे वरून उघडे डॅनिश सँडविच, द्यावे. पेला उचलून ‘स्कोल’ (‘चिअर्स’) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे आणि घोट घेतल्यावर पुन्हा एकदा पाहूनच पेला खाली ठेवावा.