लेट फी कागदावरच राहते? या चुका टाळा

करारात लेट फीचं, म्हणजे पेमेंट उशिरा आलं तर लागणाऱ्या जादा रकमेचं, कलम असूनही ती वसूल होत नाही, तेव्हा दर वेळी क्लायंटच नाठाळ असतो असं नाही. बरेचदा आपलीच ढिलाई नडते.

अट फक्त बिलाच्या तळाशी छापलेली असेल तर ती एकतर्फी ठरू शकते. काम सुरू होण्याआधी करारात किंवा कोटेशनमध्ये ती घाला, ईमेलवर होकार घ्या. ‘३० दिवसांत पेमेंट’ हेही मोघमच. बिलाच्या तारखेपासून, की बिल पोचल्यापासून? बिलावर सरळ शेवटची तारीख टाका. दर अवाच्या सवा लावू नका. दंड वाटेल अशी रक्कम अनेक देशांतली न्यायालयं कमी करतात किंवा नाकारतात.

सगळ्यात महागात पडते ती ‘जाऊ दे’ म्हणायची सवय. समजा, वर्षाला १८ टक्के सरळव्याज ठरलंय आणि ४०,००० च्या बिलाचे पैसे २० दिवस उशिरा आले. फी होते साधारण ३९५. एवढ्यासाठी कशाला वाईटपणा, म्हणून आपण गप्प बसतो. असं चार-पाच वेळा होतं, मग कधीतरी खटका उडतो आणि आपण मागची सगळी फी एकदम मागतो. क्लायंट विचारतो, ‘आजवर कधी लावली नाहीत, आत्ताच कशी?’ हा प्रश्न वकिलाच्या तोंडीही शोभतो, कारण सतत सोडून दिलेला हक्क आपणच सोडला असं मानलं जाऊ शकतं. माफ करायचीच तर फी आधी बिलात दाखवा, खाली वजा करा आणि लिहा: ‘या वेळेपुरती माफ, पुढच्या बिलापासून लागू.’ संबंधही राहतात, हक्कही.

‘लेट फीपण पाठवा’ असा नुसता मेसेज करून उपयोग नाही. कागद असल्याशिवाय अकाउंट्सवाले पैसे सोडत नाहीत. मूळ बिलाचा नंबर, ठरलेली तारीख, उशिराचे दिवस आणि दर दाखवणारं वेगळं बिल करा. मूळ बिलातच फी घुसवलीत तर तिच्या वादात मुद्दलही अडकतं.

हे सगळं करण्याआधी आपलं बिल तपासा. पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे क्लायंटने काम देताना काढलेल्या ऑर्डरचा, नंबर टाकायचा राहिला म्हणून ते त्यांच्याकडे पडून असेल, तर फी मागणं अंगाशी येईल.

मुद्दल आलं आणि फीवरून टाळाटाळ चालूच राहिली, तर पुढच्या कामाला ॲडव्हान्स वाढवून मागा.