आपत्ती येण्याआधी शेजारच्यांशी काय काय बोलून ठेवायचं

आपत्तीची तयारी म्हटलं की सगळेजण आधी बॅगेची यादी काढतात, टॉर्च, शिट्टी, पाणी, पॉवर बँक वगैरे. बॅग हवीच, तिच्याबद्दल खाली लिहिलंय, पण मला विचाराल तर बॅग दुसऱ्या नंबरवर आणि शेजारी पहिल्या नंबरवर.

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ ला जपानात कोबेचा भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जे जिवंत बाहेर आले त्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनीच काढलं, नुसत्या हातांनी, गाडीच्या जॅकने, करवतीने, जे हाताला लागलं त्याने. समोरच्या 'आवाजी' नावाच्या बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं, केंद्रबिंदूच्या अगदी जवळ. तिथल्या लोकांनी जवळपास ३०० जणांना बाहेर काढलं आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत शोधाचं काम संपवलं सुद्धा. त्यांच्याकडे काही भारी मशीन होतं असं नाही. कुठल्या घरात म्हातारी आजी कुठल्या खोलीत झोपते हे गावाला माहीत होतं, त्यामुळे आख्खा ढिगारा उपसत न बसता सरळ त्या कोपऱ्यातच खणलं.

तर पहिलं काम हे, की एक कागद घ्या आणि आपल्या मजल्यावरची किंवा गल्लीतली आठ-दहा घरं लिहा. जास्त नको, दहाच्या पुढे गेलं की ते काम कुणाचंच राहत नाही. प्रत्येक घरापुढे, किती माणसं, रात्री कोण कुठे झोपतं, कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमधे असतं, आणि एक्स्ट्रा किल्ली कुणाकडे आहे. ही यादी मोबाईलवरच्या ग्रुपमधे टाकू नका प्लीज, म्हातारी माणसं एकटी कुठे राहतात याचा पत्ताच कुणाच्या हाती द्यायचा नाहीये. कागदावर, दोन-तीन घरांत एकेक प्रत, बस. माझी यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. ती करताना कळलं की ज्या काकूंना मी रोज जिन्यात भेटते त्यांना हिअरिंग एड काढल्यावर काहीच ऐकू येत नाही, म्हणजे रात्री मी त्यांचं दार कितीही बडवलं असतं तरी उपयोग शून्य. आता त्यांची किल्ली माझ्याकडे असते.

ही यादी फक्त भूकंपासाठीच असंही नाही. जुलै १९९५ मधे शिकागोत उष्णतेची लाट आली, नेहमीपेक्षा ७३९ जास्त मृत्यू झाले, आणि त्यात खूप जण म्हातारे, एकटे राहणारे, खिडक्या लावून बसलेले होते. उन्हाळ्याचं हेच वाईट, आवाज होत नाही, काही पडत नाही, बातमीत दाखवायला फोटोही नसतो. २००३ मधे युरोपात अशाच लाटेने ७०,००० च्या आसपास माणसं गेली. त्यामुळे लाटेच्या दिवसांत यादीतल्या एकट्या माणसांचं दार दिवसातून दोनदा वाजवायचं, आणि फोन नाही हं, दारच, कारण फोनवर सगळे "मी ठीक आहे" म्हणतात. माणूस असंबद्ध बोलायला लागला, गोंधळला, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात धरून चालायचं, अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत गार पाण्याने अंग भिजवत, वारा घालत राहायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

दुसरं काम, आपल्याकडे नेमकं काय येऊ शकतं ते बघणं. बहुतेक ठिकाणी पुराचे, भूकंपाचे नकाशे बनवलेले असतात, फक्त ते कुणी उघडत नाही. १३ नोव्हेंबर १९८५ ला कोलंबियात नेवादो देल रुईझ ज्वालामुखीचा रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला, वरचा बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा नदीच्या वाटेने जवळपास अडीच तासांनी आर्मेरो गावात शिरला. मेले २०,००० च्या वर. गाव धोक्यात आहे असं दाखवणारा नकाशा त्याच्या आधीच्या महिन्यात तयार झालेला होता. अडीच तास हातात, उंच जागा जवळ, आणि लोकांना मात्र घरातच थांबा असं सांगितलेलं. म्हणून नकाशा स्वतः बघा, आणि नुसता बघू नका, आपलं घर, मुलांची शाळा आणि आपण जिथे कामाला जातो ती जागा, तिन्ही त्यावर शोधा.

भूकंपाचं म्हणाल तर किती रिश्टरचा यापेक्षा डोक्यावर छप्पर कसलं आहे हे जास्त महत्त्वाचं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० चा भूकंप झाला, मृतांचे आकडे वेगवेगळे सांगतात पण बहुतेक अंदाज लाखाच्या वरचेच. दीडेक महिन्याने, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जेच्या हिशोबाने जवळपास ५०० पट, आणि तिथे साधारण ५२५ माणसं गेली. चिलीने १९६० मधे ९.५ चा भूकंप सोसलाय, जगात आजवर मोजलेला सगळ्यात मोठा, आणि तेव्हापासून तिथे बांधकामाचे नियम कडक होत गेले. शिवाय हैतीतला भूकंप राजधानीला अगदी खेटून झाला, हेही खरंय. आपल्याला बिल्डिंग बदलता येत नाही, पण कपाट भिंतीला स्क्रूने बसवता येतं, पलंगाच्या वरचं शेल्फ काढता येतं. हलायला लागलं की पक्क्या बांधकामात असाल तर धावू नका, लिफ्ट तर नकोच, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं-मान झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. घर दगडमातीचं, जड छपराचं असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर मात्र बाहेर पळणंच बरं. अजून एक, पलंगाखाली जुने बूट आणि टॉर्च एका पिशवीत बांधून ठेवा, कारण भूकंपानंतर अंधारात अनवाणी काचांवर पाय पडून जखमी होणारे खूप असतात.

आता तिसरं काम आणि मला वाटतं हेच सगळ्यात अवघड, कधी निघायचं आणि ते ठरवणार कोण. बांगलादेशचं उदाहरण घ्या. १९७० च्या चक्रीवादळात ३ लाखांच्या वर माणसं गेली, १९९१ मधे साधारण १,३८,०००, आणि २००७ च्या सिड्र वादळात ३,४०० च्या आसपास. मधल्या काळात वादळं काही मवाळ झाली नाहीत, पण गावोगावी मेगाफोन आणि झेंडे घेऊन फिरणारे स्वयंसेवक तयार झाले, किनाऱ्यावर निवारे बांधले. १९९१ मधे पुरुषांपेक्षा बायका खूप जास्त मेल्या. बऱ्याच जणींनी नवरा येईपर्यंत घर सोडलं नाही म्हणून त्या अडकल्या, शिवाय निवाऱ्यात आडोसा नाही, परक्या माणसांची गर्दी, म्हणून जायला नको वाटायचं. आणि गुरं सोडून कोण जाणार? म्हणून त्यांनी गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले, त्याला तिकडे 'किल्ला'च म्हणतात. अमेरिकेत २००५ च्या कतरीना वादळातही कुत्री-मांजरं नेता येत नाहीत म्हणून लोक घरातच थांबले, मग पुढच्या वर्षी कायदा करून सुटकेच्या योजनांमधे पाळीव प्राणी धरावे लागले.

म्हणून आजच घरात हे बोला की निघायचा इशारा आला आणि मोठं माणूस घरात नसेल तर जो घरात असेल त्याने ठरवायचं, कुणाला विचारत बसायचं नाही, नंतर कुणी "उगाच गेलीस" असं म्हणायचंही नाही. हे शेवटचं वाक्य साधं वाटतं पण खरी मेख तिथेच आहे. आणि शेजाऱ्यांशी हे, की कोण कुणाचं दार वाजवणार, कुणाच्या गाडीत कोण बसणार, मांजर कशात न्यायची.

समुद्राकाठी राहत असाल किंवा नुसते फिरायला गेला असाल तरी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा पाणी अचानक लांब आत ओढलं गेलं, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर पळायचं. इंडोनेशियात सिमुलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीपासून 'स्मोंग'ची, म्हणजे तिथल्या भाषेत त्सुनामीची, गोष्ट आज्या नातवंडांना सांगत आल्यात, गाण्यातून सुद्धा. २६ डिसेंबर २००४ ला लाट या बेटावर दहाएक मिनिटांतच आली, त्यावेळी वस्ती ७०,००० च्या वर होती आणि गेले फक्त सात जण. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसं ज्या लाटेत गेली तीच ही लाट. पहिली लाट गेली म्हणून लगेच खाली येऊ नका, पुढची मोठी असू शकते.

याच्या उलट, ११ मार्च २०११ ला जपानात त्सुनामीत नदीकाठच्या एका प्राथमिक शाळेतली ७४ मुलं गेली. भूकंपानंतर सगळे जवळपास ५० मिनिटं मैदानात उभे होते, कुठे जायचं ते ठरत नव्हतं, आणि शाळेच्या मागेच टेकडी होती. त्याच दिवशी कामाइशी शहरात मोठी मुलं शाळेतून थेट वरच्या दिशेने धावत सुटली, वाटेत लहानांचे हात धरले, आणि शहरातल्या जवळपास ३,००० विद्यार्थ्यांपैकी बहुतेक सगळे वाचले. त्या भागात 'तेंदेन्को' म्हणतात, ज्याने त्याने आपापलं पळायचं. ऐकायला स्वार्थी वाटतं ना? पण हे आधी बोलून ठेवलेलं असतं म्हणून आई मुलाला शोधायला खाली येत नाही आणि मूल आईसाठी थांबत नाही. तर मुलांशी दोन जागा ठरवा, एक घराजवळची, एक लांबची उंचावरची, आणि शाळेला विचारा की तुम्ही मुलांना कुठे नेणार. उत्तर गुळमुळीत आलं तर परत विचारा.

पुराचं थोडक्यात. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी माणूस पाडू शकतं, ३० सेंटिमीटरमधे छोटी गाडी तरंगायला लागते, ६० मधे मोठ्या गाड्या पण वाहून जातात. त्यामुळे रस्त्यावरून पाणी जात असेल तर मागे फिरा, पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही. वर जायचं असेल तर गच्चीवर किंवा छपरावर निघता येईल अशाच ठिकाणी, बंद माळ्यावर चढून लोक अडकलेत. पाणी घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद, पाण्यात उभं राहून त्याला हातही लावू नका.

बॅगेचं आता. तीन दिवस पुरेल एवढं ठेवा असं म्हणतात, माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी. मी चौघांचं पाणी एका बॅगेत भरलं आणि ती पाठीवर घेऊन जिना उतरून बघितला, दुसऱ्या मजल्यावर बसूनच घेतलं. चाळीस किलोच्या आसपास होतं हो ते, हिशोब केलाच नव्हता! आता थोडं पाणी प्रत्येकाच्या बॅगेत आणि बाकीचं घरात कॅनमधे. औषधं, चष्मा, कागदपत्रांच्या झेरॉक्स, सुट्टे पैसे, सॅनिटरी पॅड, शिट्टी. शिट्टी का, तर ढिगाऱ्याखाली ओरडून घसा जातो आणि धूळही आत जाते. फोनवर कॉल लावत बसू नका, नेटवर्क जाम असतं, मेसेज बऱ्याचदा जातो. आणि दुसऱ्या शहरातला एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं, मग तो जुळवणी करतो. त्याचा नंबर पाठ हवा, मोबाईल बंद पडला की आपल्याला स्वतःच्या बहिणीचा नंबर आठवत नाही.

नंतरचे आठवडे पण तेवढेच बेकार असतात. जपानात २०१६ च्या कुमामोतो भूकंपात घरं पडून वगैरे ५० माणसं गेली, आणि नंतर आजारपण, दगदग, औषधं न मिळणं यातून २०० हून जास्त. भीतीने गाडीतच झोपणाऱ्या काही जणांच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या. निवाऱ्यात किंवा गाडीत असाल तर दर तासा-दोन तासाने उठून चाला, पाणी प्या, टॉयलेटला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका, असं करणारे फार असतात. जनरेटर किंवा शेगडी बंद खोलीत लावायची नाही, त्या धुरात वास नसलेला कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो आणि आख्खं कुटुंब झोपेत जातं. मृतदेहांमुळे साथ पसरते ही अफवा दरवेळी फिरते, साथी बहुतेक वेळा घाण पाण्याने आणि गर्दीने येतात, तेव्हा पाणी उकळून घ्या आणि लोकांना आपली माणसं नीट ओळखून निरोप देऊ द्या.

आणि आपण लांब असू, मदत पाठवायची असेल तर जुने कपडे नकोत. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यांवर कपड्यांचे ढीग सडत पडले होते, ते निवडायला आणि हलवायला कामातलीच माणसं लागतात. तिथे काम करणाऱ्या ओळखीच्या संस्थेला पैसे द्या, आणि दोन महिन्यांनी परत द्या, तेव्हा कॅमेरे निघून गेलेले असतात.

सुरुवात कशी करायची सुचत नसेल तर रविवारी शेजारचं दार वाजवा आणि एवढंच विचारा, "तुमची एक्स्ट्रा किल्ली कुणाकडे असते हो?" बाकीचं बोलणं त्यातून आपोआप निघतं. यादी सहा महिन्यांनी परत तपासा, माझ्या यादीत मागच्या वेळी एक बाळ वाढलं आणि एक आजोबा खालच्या मजल्यावर राहायला गेले.