जुन्या गाडीचे ब्रेक: आधी ऑइल आणि होज, मग पॅड आणि डिस्क

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मारुती ८००, झेन किंवा सँट्रोचे ब्रेक कमी लागायला लागले की मालक आधी मोठ्या डिस्क आणि भारी पॅडची चौकशी करतो. मुंबईत हा क्रम उलटा हवा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पॅड झिजायच्या आधीच कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात, ब्रेक ऑइल पाणी ओढतं, होज (ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) आतून खराब होतात. हे तसंच ठेवून महागडे पॅड टाकले तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

ऑइलचा हिशोब सरळ आहे. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. खंडाळ्याचा घाट उतरताना पेडल एकदम मऊ पडून खाली जातं ते यामुळे: ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात घालू नका.

होज तपासायला चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक दाबून सोडल्यावरही चाक जाम राहिलं तर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा कॅलिपरवरचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकला होता. यात बहुतेक वेळा दोष होजचा असतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या होजचं आतलं रबर सुटून झडपेसारखं आडवं येतं. निपल सोडूनही चाक जामच असेल, तर पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) किंवा पिन अडकली आहे. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि रिंग पानाच वापरा. फिक्स पाना घसरला की कोपरे जातात, आणि निपल तुटला तर कॅलिपर बदलण्यापर्यंत वेळ येते.

सामान: पुढच्या पॅडचा सेट, दोन डिस्क, दोन होज, पिनांचे रबरी बूट, १ लिटर सीलबंद डॉट ४, सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक क्लीनर. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाताना जुना पॅड सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार कॅलिपर बदललेले असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून कॅलिपरचं ब्रॅकेट जुनं घेतलं तर चालेल. होज, सिलिंडर आणि पॅड कधीच जुने घेऊ नका.

सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. गाडी स्टँडवर घेतल्याशिवाय चाक काढायचं नाही. कॅलिपर काढला की तारेने वर बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. पिना बाहेर काढून पॉलिश पेपरने घासा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने बूट फुगतात. बोटाने ढकलून पिन सहज सरकली पाहिजे. एकाच चाकाचा एक पॅड ३ मिलिमीटरवर आणि दुसरा जाड, असं दिसलं की बहुधा पिन अडकलेली होती.

बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर न देता बदला, तीही दोन्ही बाजूंची. नवीन डिस्क बसवण्याआधी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क लचकत फिरते आणि पेडल थरथरतं. डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकला आणि ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा. ऑइल सांडलं तर रंग उडतो, लगेच पाणी ओता.

एअर, म्हणजे लाइनमधली हवा, काढायचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मदतनीसाला पेडल फरशीपर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या) एरवी न वापरलेल्या टोकाला गंज असू शकतो. सील तिथे गेलं की फाटू शकतं. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

मागचे ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नका, क्लीनरने ओली करून पुसा. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधल्या व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला.

पॅड बसायला पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ५० वरून १० किलोमीटर वेगापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका, आणि शेवटी थोडं चालवून गार होऊ द्या.

एवढं करूनही ब्रेक कमी वाटले, तरच मोठ्या डिस्कचा विचार करा. १२ किंवा १३ इंची चाकात मोठा कॅलिपर बसेलच असं नाही. त्याचा पिस्टन मोठा असेल तर जुन्या मास्टर सिलिंडरने पेडल खोल जातं, आणि पुढचे-मागचे ब्रेक यांचा तोल बिघडतो. बदल करायचाच तर डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकाच वरच्या मॉडेलचे घ्या.

पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.