तोन्तोनपासून सुरुवात करा

तोक्योत मुलीला पाळणाघरात घातलं, तेव्हा तिथल्या शिक्षिका रोज एका वहीत चार ओळी लिहून पाठवायच्या. एकदा लिहिलं होतं, ‘तोन्तोन केल्यावर सुयासुया झोपली.’ संध्याकाळी मी त्यांनाच अर्थ विचारला. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या दंडावर तळहाताने हलकेच थोपटलं. तोन्तोन म्हणजे थोपटणं! आणि सुयासुया म्हणजे बाळाची गाढ, शांत झोप.

जपानीतले हे नादानुकारी, जोडीने येणारे शब्द असेच शिका, अंगाला लावून. नुसत्या याद्या पाठ करून ते टिकत नाहीत. रिपरिप, झुळझुळ, सळसळ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाचा कान आधीच तयार असतो. फक्त शब्दाला शब्द जुळवायची घाई नको. शितोशितो पाऊस ऐकला की मला रिपरिप आठवायची. पण रिपरिपीत कंटाळा असतो, शितोशितोत नाही. तो गुपचूप मुरणारा पाऊस.

मग दोन टिंबांकडे बघा. जपानी अक्षरावर ती दिली की क चा ग, त चा द, स चा झ होतो आणि बहुतेकदा अर्थही जड होतो. तोन्तोन थोपटणं, तर दोन्दोन दार बडवणं. कोरोकोरो गोटी घरंगळते, गोरोगोरो धोंडा. ढगांचा गडगडाटही गोरोगोरोच. किराकिरा चांदण्या, गिरागिरा ऑगस्टचं डोळ्यांत घुसणारं ऊन. धुऊन वाळवलेले मोकळे केस सारासारा, आणि चटईवर सांडलेली वाळू तळव्याला लागते ती झाराझारा.

आवाज नसला तरी शब्द असतो. बर्फ निःशब्द पडत राहतो, तो शिन्शिन. मला सगळ्यांत आवडणारा हाच.

वहीत शब्द एकटा लिहू नका, जोडीदारासकट लिहा: ‘आमे गा शितोशितो फुरु’, पाऊस शितोशितो पडतो. ‘फुवाफुवा नो फुतोन’, उन्हात वाळवून फुललेली मऊ गादी.

दुखण्याचे शब्द मात्र आधीच पाठ हवेत, डॉक्टरांसमोर ते लागतातच. पोट बारीक बारीक दुखत राहतं ते शिकुशिकु, तीव्र कळ येते ती किरिकिरि, डोकं ठसठसतं ते झुकिझुकि.

मुलगी आता शाळेत जाते. तिथे शिकवतात, ‘चिकुचिकु’ शब्द नकोत, ‘फुवाफुवा’ शब्द बोला. चिकुचिकु म्हणजे काय ते कळायला लोकरीचा खरखरीत स्वेटर एकदा उघड्या मानेवर चढवा.