तालुक्याच्या गावातील आदिवासी समाजभवन : चालवावे कसे आणि त्यात सण साजरे करावेत कसे

धानोरा, एटापल्ली, देवरी, झरी-जामणी किंवा धारणी यांसारख्या विदर्भातील तालुक्याच्या गावी आता आसपासच्या पाड्या-पोडांवरून आलेली गोंड, माडिया, परधान, कोलाम, हलबा, कोरकू अशा निरनिराळ्या जमातींची कुटुंबे नोकरी, शिक्षण किंवा मजुरीच्या निमित्ताने राहतात. मूळ गावात त्यांना गोटूल (गावाचे सामूहिक घर) किंवा चावडी होती. येथे त्या जागी सिमेंटचे समाजभवन असते आणि बहुतेक ठिकाणी ते वर्षातून दोनदा, 9 ऑगस्टला (जागतिक आदिवासी दिन) आणि 15 नोव्हेंबरला (बिरसा मुंडा जयंती), झाडून-पुसून उघडले जाते. असे भवन नव्याने उभारू पाहणाऱ्या किंवा असलेल्याचे कुलूप काढू पाहणाऱ्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे.

सणाचा विचार करण्यापूर्वी भवन रोज कोणत्या कामासाठी उघडायचे, हे ठरवावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांची संध्याकाळची अभ्यासिका, जात वैधता प्रमाणपत्राचे आणि वनहक्क दाव्याचे कागद भरून देण्यासाठी आठवड्यातील एक ठरलेला दिवस (बाजाराचा दिवस सर्वांत सोयीचा, कारण खेड्यांतील माणसे त्या दिवशी येतातच), ग्रामीण रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना रात्रीचा आसरा आणि बचत गटांच्या बैठका, एवढी कामे सुरू झाली तरी माणसांची ये-जा टिकते. ज्यांचा भवनाशी वर्षभर संबंध असतो ती माणसे सणाला बोलवावी लागत नाहीत, उलट मांडवाचे बांबू घेऊन तीच आधी येतात.

जागेचा प्रश्न कोरडा असला तरी टाळता येत नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा, 1996 चा आणि त्याचे महाराष्ट्रातील नियम 2014 चे आहेत. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला त्यांमुळे मोठे अधिकार मिळाले आणि पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के इतका अबंध (स्वतः ठरवून खर्चता येणारा) निधीही मिळू लागला. मात्र धानोरा, कोरची, एटापल्ली यांसारख्या अनेक मुख्य गावांच्या आता नगरपंचायती झाल्या आहेत आणि नगरपंचायतीला पेसाची ग्रामसभा नसते, ही गोष्ट पुष्कळ कार्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी नियोजित जागा नगरपंचायतीच्या हद्दीत येते की लगतच्या ग्रामपंचायतीच्या, हे पाहून घ्यावे. ठक्करबाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रमातून समाजमंदिर बांधता येते. आपली वस्ती त्यात बसते की नाही, याची चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी आणि उत्तर लेखी घ्यावे. संस्था नोंदवायची असल्यास 1860 च्या कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात. हे सातही जण एकाच जमातीचे किंवा एकाच आडनावाचे असतील, तर भवनाचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको.

समितीत कार्यालयीन माणसे आपोआप येतात, म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, बँकेतील कर्मचारी. त्यांच्यामुळे हिशेब आणि पत्रव्यवहार नीट चालतो, परंतु सण कसा करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे देऊ नये. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतील गायता आणि भुमका (गावाची पूजा करणारे), कोलाम पोडांचे नाईक-महाजन आणि गीते सांगणाऱ्या वयस्क स्त्रिया यांची वेगळी बैठक घ्यावी, तीही शक्यतो त्यांच्याच गावी जाऊन. परधानांना केवळ वाजंत्री म्हणून बोलावण्याची चूक सर्रास होते. गोंडांच्या कुळांची आणि देवांची कथा परंपरेने किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने परधानच सांगत आले आहेत; त्यामुळे कार्यक्रम ठरवताना त्यांचे स्थान सल्लागाराचे असायला हवे.

आता दिनदर्शिका. येथेच सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक कार्यक्रमांचे यशापयश तारीख निवडतानाच ठरून गेलेले असते. जागतिक आदिवासी दिन 9 ऑगस्टला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक 1982 मध्ये जिनिव्हा येथे झाली, त्या दिवसाची आठवण म्हणून 1994 मध्ये आमसभेने ही तारीख ठरवली. जिनिव्हात तेव्हा धानाची रोवणी चालू नव्हती; आपल्याकडे मात्र गडचिरोली-गोंदियाच्या बाजूला पाऊस लांबला की याच सुमारास बांधीत रोवणी असते आणि यवतमाळच्या बाजूला कपाशीचे निंदण-डवरण चालू असते. त्या दिवशी सकाळी दहापासून भाषणे ठेवली, तर समोर केवळ विद्यार्थी आणि कर्मचारी बसलेले दिसतात. म्हणून सकाळी तालुक्याच्या गावापुरती मिरवणूक आणि अभिवादन उरकून मुख्य कार्यक्रम मजूर शेतातून परतल्यावर, संध्याकाळी पाचनंतर घ्यावा. ते जमत नसेल, तर 9 ऑगस्ट साधेपणाने पाळून मोठा मेळावा पिके घरी आल्यानंतर करावा. तारखेचा मान राखला जातो आणि माणसेही येतात.

स्मरणाच्या तारखा ठरलेल्या आहेत. 1857-58 च्या उठावातील वीर बाबुराव शेडमाके यांचा जन्म 12 मार्च 1833 चा आणि त्यांना चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात फाशी दिली गेली ती 21 ऑक्टोबर 1858 रोजी. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याच्या राणी दुर्गावतींचे बलिदान 24 जून 1564 चे आहे. बिरसा मुंडा यांची जयंती 15 नोव्हेंबरला असते आणि 2021 पासून केंद्र सरकार तो दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळते. यांपैकी बाबुरावांचे दोन्ही दिवस आपल्या मातीतले आहेत. निधी आणि मनुष्यबळ मर्यादित असेल, तर त्यांना अग्रक्रम द्यावा, असे माझे मत आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास भवनात काहीही ठेवू नये, कारण सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेला तेव्हा अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो आणि आपल्या गावाहूनही जीपगाड्या भरून जातात.

पंचांगाबाहेरचे सण याहून नाजूक असतात. विज्जा पंडुम (बियाण्यांचा सण) किंवा नव्या धान्याचा सण कोणत्या दिवशी करायचा, हे प्रत्येक गाव आपल्या गायत्याच्या सल्ल्याने स्वतंत्रपणे ठरवते आणि नव्याची पूजा होण्यापूर्वी नवे धान्य तोंडात घालायचे नाही, हा नियम अजूनही काटेकोरपणे पाळला जातो. भवनाने उत्साहाच्या भरात आधीच नव्या तांदळाची पंगत घातली, तर अर्धी माणसे पत्रावळीवरून उठून जातील आणि त्यांचे काहीही चुकलेले नसेल. आसपासच्या गावांचे नवे आटोपल्याची खात्री करून, त्यानंतरच सामूहिक कार्यक्रम घ्यावा. दिवाळीच्या आसपास दंडारीची (पारंपरिक नृत्याची) पथके गावोगाव फिरत असतात आणि पूर्व विदर्भात मंडया (जत्रा) भरतात; तेव्हा भवनाने स्वतःचा मंच उभारण्याऐवजी फिरत्या पथकांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय करावी. तेवढ्यानेही भवनाचे नाव गावोगाव पोहोचते.

पूजा आणि कार्यक्रम यांच्यातील सीमा बैठकीतच आखून घ्यावी. पेन किंवा देव त्यांच्या ठाण्यावरून प्रदर्शनासाठी आणू नयेत, अंगात येण्याचा प्रसंग मंचावर करून दाखवू नये आणि पूजेचे गीत स्पर्धेत गाऊ नये. पाहुण्या मंत्र्यांना काहीतरी वेगळे दाखवायचे असते, म्हणून असे आग्रह होतात. त्या वेळी नकार द्यायला कार्यकर्ता पुढे न करता वडीलधाऱ्यांची बैठक पुढे करावी. सप्तरंगी ध्वज, जोहार (अभिवादन), प्रतिमापूजन आणि सामूहिक गोंगो (पूजा) यांविषयीही गोंडांची पद्धत कोलाम व कोरकूंवर लादली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. भवन सर्वांचे असेल, तर आरंभाचा मान आळीपाळीने द्यावा.

नृत्यासाठी उंच मंच करूच नये. रेला हातात हात गुंफून गोल फिरत नाचला जातो आणि मंचावर त्याची सरळ रांग होते, जिचे तोंड प्रेक्षकांकडे असते. मैदानात मध्यभागी ढोलवाद्यांना जागा ठेवून सभोवती मोकळे वर्तुळ राखावे, प्रेक्षक त्याबाहेर जमिनीवर बसवावेत आणि शेवटच्या फेऱ्यांत त्यांनाही आत घ्यावे. पावसाळ्यातील कार्यक्रमात ढोलाचे कातडे ओल धरून सैल पडते. ते शेकण्यासाठी मांडवापासून सुरक्षित अंतरावर, पत्र्याच्या आडोशाला कोरड्या लाकडांची शेकोटी तयार ठेवावी, नाहीतर ऐनवेळी वादक निखारे शोधत फिरतात आणि निवेदक वेळ काढत राहतो. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच परवानगी असते. दहानंतर तो बंद करून केवळ आवाज आणि पावलांवर नाच चालू ठेवता येतो, मात्र शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. निवेदन आधी गोंडी, माडिया, कोलामी किंवा कोरकूत आणि मग थोडक्यात मराठीत करावे. भाषणांविषयी एवढेच, की ती नृत्याच्या आधी संपवावीत आणि पाहुण्यांना वेळ पत्रिकेत छापून कळवावी.

पोशाखाच्या नावाखाली बाजारातील पिसांचे टोप आणि पानांचे घागरे मुलांना घालू नयेत. ती सिनेमातील वेशभूषा आहे, कोणत्याही जमातीची नाही. घरातील लुगडे, धोतर, पागोटे आणि आजीचे दागिने पुरेसे असतात. शिरोभूषणात जुनी गव्याची शिंगे असतील, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, म्हणून कार्यक्रमासाठी लाकडी शिंगे करून घ्यावीत.

जेवण साधे ठेवावे. पळसाच्या किंवा मोहाच्या पानांच्या पत्रावळी, भात, लाखोळीची डाळ, पावसाळा असेल तर वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी, मेळघाटात कुटकीचा भात. मोहाच्या दारूचा प्रश्न आडून विचारला जातोच. पूजेत तिचे काही थेंब वाहण्याची प्रथा आहे हे खरे, परंतु गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून आणि वर्धा जिल्ह्यात त्याच्याही आधीपासून दारूबंदी आहे. सार्वजनिक भवनाने त्या वाटेला जाऊ नये आणि तो विधी गावच्या ठाण्यावरच राहू द्यावा. मोहफुलांचे लाडू किंवा भाकर मात्र जरूर करावी.

वर्गणी गोळा करण्यापूर्वी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी, पावतीपुस्तकांवर क्रमांक टाकावेत आणि पैशाऐवजी तांदूळ, लाकूड, पाने किंवा श्रम देणाऱ्यांची नावेही त्याच वहीत लिहावीत. कंत्राटदाराच्या फलकाखाली सण करायचा की कमी खर्चात, असा प्रसंग आला तर कमी खर्चात करावा. पथकांना प्रवासखर्च आणि मानधन त्याच रात्री, निघण्यापूर्वी द्यावे. ढोल खांद्यावर घेऊन दहा-पंधरा किलोमीटर आलेल्या माणसाला धनादेशासाठी पुन्हा तालुक्याला बोलावणे योग्य नाही.

गीतांचे ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर गाणाऱ्यांना आधी विचारावे, ते कोठे ऐकवले जाईल हे त्यांच्या भाषेत सांगावे आणि नकार आल्यास मोबाइल खिशात ठेवावा. मुद्रण झाल्यावर गाणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि तारीख नोंदवून एक प्रत भवनात आणि दुसरी त्या गावात द्यावी. कार्यक्रमानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी जमाखर्च भवनाच्या दारावर लावून बैठकीत मोठ्याने वाचावा, उसने आणलेले ढोल आणि भांडी वहीतील नोंदीप्रमाणे ज्यांची त्यांना पोहोचवावीत आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षी आरंभाचा मान कोणत्या जमातीचा, हे ठरवून घ्यावे.