बोल्यू शोधताना सापडले उदों

नवऱ्याचं घराणं कॅनडातल्या क्वेबेकचं, आडनाव बोल्यू. वंशावळ काढायला बसले, तर 1800 च्या मागे बोल्यू गायबच! महिनाभर डोकं फोडलं. घोळ आडनावातच होता. तिकडे ‘दी’ लावून दुसरं आडनाव जोडायचे: ‘उदों दी बोल्यू’, म्हणजे उदों उर्फ बोल्यू. पुढे कुणी उदों ठेवलं, कुणी बोल्यू.

मग लग्नाच्या नोंदी धरल्या. पहिलं लग्न असेल तर चर्चच्या वहीत सहसा दोघांचे आईवडील सापडतात, बायका माहेरच्या आडनावाने. (आपल्याकडे सुनेचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायचे!) आईच्या आडनावावरून माग काढला आणि उदों मंडळी रिव्हिएर-वेल गावात भेटली.

आणि हो, बाप्तिस्म्यात नावाआधी मुलांना सर्रास जोसेफ, मुलींना मारी लागायचं. हाकेचं नाव त्यापुढचं, ते बघा.